वणव्यापेक्षा माणसं अवघड!

आमच्या शहरात उन्हाळ्यात पाणी साचत नाय, पण किस्से लई साचतात! मी आगीच्या बंबावर नोकरीला. होळी झाली की भोवतालच्या डोंगरांवरचं गवत असं वाळतं, की कुणी विडी टाकायचा अवकाश, वणवा सुटलाच! त्यात वस्ती पार डोंगराला भिडलेली. आग विझवणं परवडलं, पण माणसं घराबाहेर काढणं? तोबा!

*

एकदा फोन आला. "सायेब, डोंगर पेटलाय! लवकर या!"

"कोणता डोंगर?"

"आवो तो काय, समोरच दिसतोय की!"

"तुम्ही कुठून बोलताय?"

"घरातून!"

धूर बघत बघत पोचलो. काका गच्चीवरून हात करत होते, "सापडला ना बरोबर पत्ता?"

*

एका वस्तीत पाइप उलगडतोय तोवर मागं बायकांची हंडे घेऊन लाइन! आमचे ड्रायव्हर रफिकभाई हात जोडून म्हणाले, "अम्मा, ये आग बुझाने का पानी है!"

"मग विझवा की. उरंल ते द्या. आम्ही थांबतो!"

तेवढ्यात वारा फिरला. शेवटच्या घराचं कुंपण पेटलं अन् नेमकी बंबाची टाकी संपली. त्याच बायका पळत घरी गेल्या आणि साठवलेलं पाणी कुंपणावर ओतून आल्या. घर वाचलं.

लाइनीतली पहिली मावशी रफिकभाईंना म्हणाली, "आता उरलं का तुमच्याकडं?"

*

एका बिल्डिंगच्या मागं जाळ आला. मी दारं वाजवत सुटलो, "काही घेऊ नका, खाली चला!" तर एक काका कूलर घेऊन जिना उतरतायत!

"काका, कूलर कशाला?"

"बाहेर ऊन किती हाय, बघितलं का?"

सगळ्यांना लांबच्या मंदिरात बसवलं. काकांनी तिथं प्लग शोधला. संध्याकाळपर्यंत अख्खी बिल्डिंग त्या कूलरसमोर! आग विझवून आम्ही पण तिथंच!

*

डोंगराच्या पायथ्याला लग्न होतं. मांडवात धूर शिरला, तसा मी स्टेजवर जाऊन माइक घेतला. "मंडळी, आग..." म्हणतोय तोवर नवरदेवाच्या मामांनी हातात नारळ दिला, हेल्मेटवर टोपी ठेवली. "साहेबांचा सत्कार! टाळ्या!"

कुणी हलंना. शेवटी नवरी उठली, शालू खोचला अन् माइक हिसकावला. "पंगत रस्त्याच्या पलीकडं हाय!"

मांडव रिकामा!

*

पण खरा किस्सा अण्णा आणि माईंचा. डोंगराला लागून एकटंच घर, दोघंच म्हातारी माणसं. कायतरी बिनसलं होतं, वर्षानुवर्षं अबोला. वणवा अंगणात आला तेव्हा अण्णा बाहेर, माई आत.

"माई, चला!"

"ज्यांचं घर हाय, त्यांनी सांगावं."

मी बाहेर आलो. "अण्णा, हाक मारा त्यांना!"

"मी सांगितलंय म्हणावं."

परत आत गेलो. "ते म्हणालेत, चला."

"मला नाय ऐकू आलं."

उचलायला गेलो, तर खांबाला मिठी मारून बसल्या! बाहेर कडब्याची गंजी पेटली. घरात धूर भरला, डोळे उघडेनात, मी चाचपडत दारापर्यंत मागं आलो. माईंचा खोकला ऐकू येत होता, मग तोही थांबला.

अण्णा मला ढकलून आत घुसले. "सुमन! ए सुमन! चल बाहेर!"

धुरातून माई निघाल्या. नाकाला पदर, अण्णांचा हात घट्ट धरलेला.

"ओरडताय कशाला? मी काय बहिरी हाय का?"