बोचक्यात माझंही जॅकेट होतं

बोचकं उतरवताना कमळाताईंनी झाडाला धरलं, तरी गुडघा दगडावर आपटलाच. मग त्यांनी गाठ सोडली आणि एकेक वस्तू वाटेवर मांडायला सुरुवात केली.

प्रबळमाचीची चढण, गेला रविवार. आम्ही खारघर-करंजाड्याचे अकरा जण, आणि ओझं वाहायला पायथ्याच्या वाडीतल्या कमळाताई एकट्या. खरं तर दोघी येणार होत्या... आमच्या ट्रेकच्या लीडरने सकाळीच फोन करून एकीला नको म्हणून सांगितलं. एकीत भागतंय, म्हणे.

ठरलं होतं जेवणाची भांडी आणि शिधा. बाहेर काय काय आलं... स्पीकर, दोन फोल्डिंगच्या खुर्च्या, पाण्याच्या सात बाटल्या, कुणाचे तरी जादा बूट. वर बांधलेली बर्फाची पेटी वेगळीच.

माझं जॅकेटही निघालं. पायथ्याशी गाठ सैल दिसली, म्हणून जाता जाता आत सरकवलं होतं. सगळ्यांनी तेच केलं होतं. आपल्या एका वस्तूने असा काय फरक पडतो, असं प्रत्येकाला वाटलं होतं.

लीडर म्हणाला, ताई, तुम्हाला तर सवय आहे. जमत नसेल तर पुढच्या वेळी दुसऱ्या वाडीत विचारू.

या वाडीला ट्रेकवाल्यांशिवाय फारसं काम नाही, हे त्याला ठाऊक होतं. आम्हालाही. हातात महागड्या काठ्या धरून आम्ही बाकीचे नुसते उभे होतो.

"भांडी नेते, शिधा नेते," कमळाताई म्हणाल्या. "बाकी ज्याचं त्यानं उचला. नायतर दुसऱ्या वाडीची बाई येईस्तोवर बसा हितंच."

कुणीतरी हसलं. मग एकेकाने आपापली वस्तू उचलली. पेटी लीडरची. तो केव्हाच पुढे चालू लागला होता.

ती मी डोक्यावर घेतली. मोठेपणा म्हणून नाही... राग आला होता, आणि त्यातला निम्मा स्वतःचाच होता. पन्नास पावलांत मान आखडली.

"दादा, खाली नका बघू," कमळाताई मागून म्हणाल्या. "वाट पायांना कळते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळेना, म्हणून मी ऑफिसला सुट्टी टाकली. गुडघ्याची चौकशी करायला फोन केला, तो कमळाताईंच्या मुलीने उचलला. आई पहाटेच दुसऱ्या ग्रुपचं सामान घेऊन वर गेली होती.