धवळा आणि डबल पेडल

आमचा अल्बम आल्यापासून एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: तुमच्यावर कोणाचा प्रभाव आहे? विचारणारी मुलं माझ्या मुलीच्या वयाची असतात आणि त्यांना परदेशी बँडची यादी हवी असते. यादी माझ्याकडे आहे. फ्लोरिडातले बँड, स्वीडनमधले बँड, कॉलेजात असताना कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून घेतलेले, इतके की शेवटच्या प्रतीत गिटारपेक्षा खरखरच जास्त ऐकू यायची. पण मी पेशाने एस्टिमेटर आहे. किती माती निघेल, किती काँक्रीट लागेल याचा अंदाज बांधकाम कंपनीला काढून देणं हे माझं काम. अंदाजातली एखादी मोठी बाब वगळली तर बाकीचे आकडे बरोबर असून उपयोग नसतो. मुलाखतीत ती बाब सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून इथे सांगतो.

आधी बँडबद्दल. आम्ही चौघं. मी ड्रम वाजवतो. गायक मूळचा पुण्याचा, खारघरच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. गिटारवाला माझ्याच गावचा, पनवेलजवळचा. त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचा सराव चालतो. बास वाजवणारा बँकेत आहे आणि फारसं बोलत नाही. चौघांचीही पन्नाशी जवळ आली आहे. आम्ही जे वाजवतो त्याला डेथ मेटल म्हणतात. ज्यांनी कधी ऐकलं नाही त्यांच्यासाठी: गिटारच्या तारा नेहमीपेक्षा बऱ्याच खाली उतरवलेल्या, ड्रमचे ठोके मिनिटाला दोनशेच्या वर, त्यासाठी दोन्ही पायांखाली दोन पेडल, आणि गायक गात नाही, पोटातून गुरगुरतो. माझी बायको त्याला ‘मिक्सरमध्ये खडा गेला’ म्हणते. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिचं मत तेच आहे.

अल्बमची सात गाणी तयार होती. सातही एकाच टेकडीबद्दल. आमचं जुनं गाव त्या टेकडीच्या पायथ्याशी होतं. विमानतळासाठी टेकडी कापून सपाट केली आणि गाव दुसरीकडे वसवलं. त्यातून किती घनमीटर दगड निघाला असेल याचा हिशेब मी फावल्या वेळात मांडला होता, आणि गायकाने त्यातले आकडे जसेच्या तसे गाण्यात घेतले होते. डेथ मेटलमध्ये प्रेतं आणि स्मशानं खूप असतात. आमच्याकडे टेकडी होती, ती आमची स्वतःची होती, आणि म्हणून मला वाटायचं की गाणीही आपोआप आमची होतील.

खारघरच्या स्टुडिओत सातही गाणी रेकॉर्ड केली. स्टुडिओचा मालक स्वतः ध्वनिमुद्रण करतो. त्याचा कान तयार आहे. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, “एकदम चोख. डोळे मिटून ऐकलं तर तुम्ही कुठलेही वाटता.”

त्याने हे कौतुक म्हणून म्हटलं होतं. परत येताना गाडीत गिटारवाला म्हणाला, “कुठलेही म्हंजे कुठलेच नाय.”

मी गाडी चालवत होतो. घरी येऊन मी सातही गाणी डोळे मिटून ऐकली. पहिला अल्बम एकदाच निघतो, आणि आमच्या वयाला दुसऱ्याची शाश्वती धरता येत नाही. आपली टेकडी, आपल्या गावातली माणसं, आणि ऐकणाऱ्याला ते स्वीडनचं वाटणार असेल तर अल्बम काढूच नये, असं मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळवलं. कोणीच वाद घातला नाही.

त्यानंतर माझ्या पुतण्याची हळद होती आणि बँडमधल्या तिघांनाही आमंत्रण होतं.

माझी आत्या धवळारीण आहे. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवळे, म्हणजे बायकांनी म्हणायची लग्नाची गाणी, लागतात. धवळारीण ओळ सांगते आणि मागे बसलेल्या बायका ती उचलतात. सुरुवातीला ती सगळ्यांना लग्नाचं आमंत्रण देते: गावदेवीला, वेशीवरच्या देवाला, खाडीला, आणि घरातल्या मेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. हल्ली डीजे लागायच्या आत हे उरकून घ्यावं लागतं. मी लहानपणापासून ते ऐकत आलोय आणि कधी संगीत म्हणून ऐकलं नव्हतं.

गायक हातात ताट घेऊन माझ्याजवळ आला. “तुझी आत्या आत्ता मेलेल्यांना बोलवत होती?”

“हो. लग्नाला.”

“कुठून?”

“टेकडीवरून. आमचे पितर तिथे राहतात.”

“टेकडी आहे कुठे?”

“नाही. ते तिलाही माहीत आहे. तरी ती तिथूनच बोलवते.”

त्याने ताट खाली ठेवलं. त्यात जिलेबी होती, आणि तो जिलेबी टाकणारा माणूस नाही. “आठवं गाणं हे आहे,” तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात मी आत्याला स्टुडिओत नेलं; बाकीचे तिघंही आले. ती नवं लुगडं नेसून, नथ घालून आली होती. मालकाने तिला अदबीने खुर्ची दिली आणि हेडफोन लावला. मी त्यात मेट्रोनोम सुरू करायला सांगितला, कारण मोजून दिलेल्या ठोक्याशिवाय मी आयुष्यात काही रेकॉर्ड केलेलं नाही.

आत्याने हेडफोन अर्धा बाजूला केला. “यो कोन ठोकतंय कानान?”

“आते, तो ताल आहे. त्याच्यावर म्हणायचं.”

“माज्यावर लोक ताल धरतान, बाला. मी नाय कोनावं धरत.” मग तिने काचेतून आमच्याकडे पाहिलं. “आन लगीन कोनाचा हाय?”

“लग्न नाही आते. नुसतं रेकॉर्डिंग आहे.”

“मांडव नाय, हलद नाय, नवरा-नवरी नाय. मी पितरांना बोलवीन. ते येतील आन बगतील तं कांचेच्या खोलीन चार बाप्ये बसलेत. मंग त्यांनी जावाचा कुटं?”

तिने हेडफोन काढून ठेवला, चहा घेतला, बिस्कीट नको म्हणाली, आणि आम्ही तिला घरी सोडलं. मी कंपनीत मोठमोठ्या ठेकेदारांचे आक्षेप खोडून काढतो. हा मला खोडता आला नाही. आमंत्रण द्यायचं तर कार्य असायला हवं.

“मंग मांडव घालू,” गिटारवाला म्हणाला.

तयारीला एक आठवडा होता. तेवढ्यात ड्रमची रचना बसवावी म्हणून मी पुतण्याच्या हळदीचं मोबाइलवरचं चित्रण घेऊन बसलो. चार मात्रांचं माप लावून पाहिलं, सातचं लावलं, अकराचं लावलं. एकही बसेना. आजोबांच्या नावाला आत्याची ओळ लांबत जायची. ज्या धाकट्या काकाशी तिचं कधी पटलं नाही, त्याच्या नावाला ती तोंड पुसल्यासारखी लगेच संपायची. हे मापात कसं मांडायचं? मी गिटारवाल्याला फोन केला. त्याची आईही लग्नांत हीच गाणी म्हणायची. त्याने लहानपणी ढोलकी धरलेली.

“तू आकडं लिवत बसलायस ना?” त्याने विचारलं.

“मग काय करू?”

“तिच्या खांद्याकडं बघ. दम घेताना वर जातो. उतरला की मार. मदी पाय चालू ठेव.”

रविवारी दुपारी शेडमध्ये मांडव उभा राहिला. डेकोरेटरकडून पाइपचा सांगाडा आणला, वर पिवळं कापड, कडेने आंब्याची पानं. स्टुडिओचा मालक आपले माइक घेऊन तिथे आला. आत्या दोन बायकांना ओळ उचलायला घेऊन आली आणि मांडवाभोवती एक फेरी मारून थांबली.

“उंबर कुटं हाय?”

उंबराची फांदी माझ्याकडून राहिली होती. गिटारवाल्याच्या आईने न बोलता मागच्या अंगणातून फांदी आणली आणि खांबाला बांधली.

“आन नवरा-नवरी?”

बासवाला कोपऱ्यात तारा जुळवत होता. मान वर न करता तो म्हणाला, “ड्रम नवरा. बास नवरी.”

त्याने ते गमतीने म्हटलं असावं. आत्याने गमतीने घेतलं नाही. तिने वाटीतली हळद घेतली आणि माझ्या मोठ्या ड्रमकडे निघाली.

“आते, पुढच्या पडद्यावर नको, डाग जाणार नाही. बाजूच्या लाकडाला लाव.”

“नवऱ्याच्या आंगाला नाय लावाची तं काय मोरीला लावू?”

हळद माझ्या बायकोने कालवून आणली होती. ती दाराशी उभी राहून म्हणाली, “स्वतःच्या हळदीला पाच मिनिटं बसवत नव्हतं तुम्हाला. आता बघा कसे हात जोडून उभे आहात.” मी खरंच हात जोडून उभा होतो. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आत्याने खालच्या पट्टीत सुरुवात केली. गिटार आणि बास तिच्या स्वराला लावून घेतले होते. त्यासाठी तारा आणखी उतरवाव्या लागल्या, इतक्या की डोळ्यांनी थरथरताना दिसाव्यात. गावदेवी झाली, वेस झाली, खाडी झाली. तोपर्यंत मी फक्त पेडल चालवत होतो, पूर्ण वेगात पण हलक्या पायाने, आणि नजर तिच्या खांद्यावर. आजोबांचं नाव आलं. ओळ लांबली. मला आतून मोजावंसं वाटत होतं आणि मोजायला काही नव्हतं. खांदा उतरला तेव्हा मी चारही हातपायांनी एकदम आलो आणि गिटार-बास माझ्याबरोबर त्याच क्षणी आले. धाकट्या काकाच्या नावाला तिने नेहमीसारखं पटकन उरकलं आणि मी तिथेही चुकलो नाही.

मग बायकांनी ओळ उचलली, आणि त्यांच्या खाली, पार तळातून, गायकाने तीच ओळ गुरगुरत घेतली. आत्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता थांबते. ती थांबली नाही. तिने आवाज वाढवला.

संपल्यावर मालक म्हणाला, “अप्रतिम. सेफ्टीसाठी एकदा परत घेऊ?”

“लगीन दोनदा लावतान का?” आत्या म्हणाली. मग गायकाकडे बोट करून मला म्हणाली, “यो मास्तर बरा गातंय. पितर असंच बोलत असतील.”

गायकाला आजवर पुरस्कार मिळालेला नाही. त्या वाक्यानंतर त्याला तो नको आहे, असं तो सांगतो.

मालकाने तिथेच स्पीकर लावून गाणं ऐकवलं. ऐकताना तो दोनदा उठून दाराबाहेर बघून आला. शेवटी मला विचारलं, “ही टेकडी नक्की कुठल्या बाजूला होती?” मी त्याला बाहेर नेऊन दिशा दाखवली. तिकडे आता आकाशच आहे. मी आत येऊन तिघांना म्हटलं, अल्बम काढू. मग पहिली सात गाणी आम्ही पुन्हा वाजवली, त्याच शेडमध्ये, त्याच उतरवलेल्या तारांवर, मेट्रोनोमशिवाय. काही जागी वेग किंचित सुटलाय. मला त्या जागा माहीत आहेत आणि मी त्या दुरुस्त करू दिल्या नाहीत.

प्रकाशनाचा कार्यक्रम पनवेलच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये ठेवला. पुढे काळ्या टी-शर्टमधली पोरं उभी होती, काही पार कल्याणहून आलेली. मागे खुर्च्यांवर आमचं गाव बसलं होतं. आत्याने मंचावर यायला आधीच नकार दिला होता. ते लगीन झालं, आता परत नाही, म्हणाली. म्हणून आठव्या गाण्याला तिचा रेकॉर्ड केलेला आवाज स्पीकरवर लावायचं ठरलं, आणि मी तो पाठ केला होता.

सात गाणी झाली. पोरांनी डोकी हलवून हलवून माना मोडून घेतल्या. मागच्या खुर्च्यांवरून अधूनमधून टाळ्या आल्या, नातेवाइकाच्या भाषणाला येतात तशा. मग आत्याचा आवाज सुरू झाला. दुसऱ्या ओळीला मागच्या बायकांनी ओळ उचलली. कोणी सांगितलं नव्हतं; धवळा कानावर पडला की त्या उचलतातच. स्पीकरपेक्षा त्यांचा आवाज मोठा होता. पुढची पोरं वळून बघायला लागली.

रेकॉर्डवर फक्त आमच्या घरातली नावं आहेत. ती संपत आली तशी मधल्या रांगेतून एक बाई ओरडली, “आमचा सासरा रायला.”

धवळ्यात एकदा नाव निघालं की ते न घेता पुढे जाता येत नाही. मागे बायकांत बसलेली आत्या खुर्चीवरून उठली. तिने त्या सासऱ्याचं नाव घेतलं, टेकडीवरून, लग्नाला या म्हणून. ध्वनीची बाजू सांभाळणाऱ्या स्टुडिओच्या मालकाने रेकॉर्डचा आवाज बंद केला. “माजी माय,” दुसरी कोणी म्हणाली. मग नावं सगळीकडून यायला लागली, पुरुषांकडूनही, आणि आत्या एकेक घेत खुर्च्यांमधल्या वाटेने पुढे येऊ लागली. पोरांनी तिला वाट करून दिली आणि तिच्यामागे ओळ म्हणायला लागली, शब्द अर्धे चुकवत, बायकांच्या बरोबरीने. गायकाने माइक हॉलकडे धरला आणि नुसत्या घशाने त्यांच्यात मिसळला.

मंचाच्या कडेला येऊन आत्या थांबली. उजेडात तिचा खांदा मला स्वच्छ दिसत होता. कोणीतरी गावाला आठवणाऱ्या सगळ्यात जुन्या पितराचं नाव दिलं होतं, आणि ती ओळ लांबवत होती, लांबवत होती, अख्खा हॉल श्वास रोखून होता. माझे दोन्ही पाय चालू होते, दोन्ही हात वर, आणि मी तिचा खांदा उतरायची वाट बघत होतो.