मागची तारीख

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. तुम्हाला का सांगतोय, ते विचारू नका — मलाच धड माहीत नाही. मधेच अडखळलो तर थोडं थांबा, एवढंच.

मी मुर्रीत राहतो, गोंदियाला लागूनच. काम प्रोग्रामिंगचं, घरूनच. काही वर्षांपूर्वी मी एक लायब्ररी लिहिली. पुस्तकांची नव्हे हो — तयार कोडचा तुकडा, जो कोणीही फुकट घ्यावा, आपल्या प्रोग्राममध्ये वापरावा, वाटलं तर उघडून आत काय आहे तेही वाचावं. नाव ठेवलं ‘चाळणी’. काम एवढंच, की लांबलचक यादीत एकच माणूस दोनदा आला असेल तर एकदा काढून टाकायचा. कुठकुठल्या देशांतले लोक ती वापरायला लागले. छाती फुगली होती माझी, खोटं कायले बोलू?

अशा उघड्या कोडची एक रीत असते. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली, त्याची नोंद तारखेसकट राहते आणि ती सगळ्यांना दिसते. त्या नोंदीवरच तर लोक विश्वास टाकतात. आणि मी त्याच... जाऊ द्या. क्रमानं सांगतो.

वंदनाताई कुडव्याची, माझ्या बहिणीची मैत्रीण. मला लहानपणापासून धाकट्या भावासारखं वागवणारी. मुलींच्या एका वसतिगृहाच्या ऑफिसात ती ऑपरेटर होती. तिथला कॉम्प्युटर कायम बंद, म्हणून प्रवेशाची यादी स्वतःच्या लॅपटॉपवर करायची. चाळणी मीच तिला बसवून दिली होती आणि बजावलं होतं — ताई, यादी काढायच्या आधी दरवेळी अपडेट करायचं, विसरायचं नाही.

त्या वर्षी दरेकशाची एक मुलगी बापासोबत सकाळच्या गाडीनं आली. पेटी, गुंडाळलेली गादी, हातात अर्जाची पावती. यादीत तिचं नावच नव्हतं. तिच्याच नावाची दुसऱ्या गावची मुलगी मात्र यादीत होती. “आमच्या पोरीचं नाव काऊन नाही जी?” बाप एवढंच विचारत राहिला म्हणे. मग अशा आणखी मुली निघाल्या. तोवर जागा भरून गेल्या होत्या. आणि बोलणारे बोलायला लागले — ऑपरेटरनं पैसे खाऊन नावं कापली.

ताईचा फोन आला. “रितेश, तुझ्या चाळणीत काही गडबड तं नाही ना रे? लोकं मले काहीबाही बोलून राहिले.”

पाहतो म्हटलं. पाहिलं, आणि गडबड सापडली. नाव सारखं असलं तरी गाव वेगळं आहे का, हे तपासणारी एक ओळ होती. चाचणी करताना मी ती बंद केली होती. ओळीच्या सुरुवातीला एक खूण टाकली की कॉम्प्युटर ती ओळ वाचतच नाही. ती खूण काढायला मी विसरलो आणि चाळणी तशीच जगाला देऊन मोकळा झालो. एक खूण हो!

लगेच फोन लावायचा होता. ताई, चूक माझी — काय जड होतं त्यात? पण त्याच आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीत माझी शेवटची मुलाखत होती, आणि तिथं दाखवायला माझ्याकडे चाळणीशिवाय होतं काय? भ्यालो. साफ भ्यालो.

भर दुपारी, आई बाजूच्या खोलीत तांदूळ निवडत असताना, मी ती खूण काढली. त्या दुरुस्तीवर तारीख टाकली मागची — यादी निघायच्या आधीची. मग खरी नोंद पुसून ही तिच्या जागी चढवली. असं करता येतं. करू नये म्हणतात, पण येतं.

वसतिगृहानं चौकशी समिती बसवली आणि तिनं मला जाणकार म्हणून बोलावलं. जाणकार! मी स्क्रीन पुढे केली आणि म्हणालो, दुरुस्ती आधीच झाली होती, ताईंनी अपडेट केलं नसावं. ‘नसावं’ म्हणालो — पाहा, तेवढी पळवाट ठेवली होती स्वतःसाठी. मला वाटलं, ताई चिडेल, भांडेल. तिनं त्या तारखेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मी तं केलं होतं... असं वाटते,” ती म्हणाली. “पण रितेश म्हणते तं असंल बापा. माझ्याच ध्यानात नसंल राहिलं.”

तिची नोकरी गेली. कागदावर निष्काळजीपणा लिहिला, कुडव्यात लोक पैसेच म्हणत राहिले. मला पुण्याचं काम मिळालं. आणि त्या मुलीचं काय झालं? मी विचारलं नाही. दरेकशाला गाडी थांबते की — जाऊन येता आलं नसतं का?

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालंय. त्या दिवसांत ज्यानं ज्यानं चाळणी घेतली, त्याच्याकडे जुनी, खरी नोंद पडून असणार. एकदा एका परदेशी माणसानं चाळणीच्या पानावर विचारलंही, माझ्याकडची नोंद तुमच्या नोंदीशी जुळत कशी नाही? मी उत्तर न देता तो प्रश्न बंद करून टाकला. अजून मेल वाजला की आधी पाठवणाऱ्याचं नाव पाहतो. जेवता जेवता वाजला तर घास तसाच राहतो, आणि बायको विचारते, काय झालं? काही नाही म्हणतो.

पण एवढंच नाही. आता जे सांगतो, ते त्याहून वाईट आहे.

ताई आता कुडव्यात ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान चालवते. मागच्या वर्षी तिनं तोच जुना लॅपटॉप माझ्याकडे आणला. “लय हळू चालून राहिला रे. सगळं पुसून नवा करून दे.” मी उघडला. आत चाळणी होती, ती खूण असलेली. आणि सोबत लॅपटॉपनं स्वतःच करून ठेवलेली नोंद — यादीच्या दिवशी सकाळी ताईनं अपडेट केलं होतं. आधी अपडेट, मग यादी. मी शिकवलं होतं, अगदी तसंच.

म्हणजे ती माझीच चुकलेली चाळणी ताजी करून घेऊन बसली होती.

बाहेर ओसरीत ती आईशी भाजीच्या भावाबद्दल बोलत होती. नुसती हाक मारायची होती मला. ताई, इकडे ये, हे बघ. तोंडापर्यंत आलं होतं हो — आणि मी पुसून टाकलं. तिनंच तर सांगितलं ना पुसायला, असंही मनात म्हणालो. वर चहा घेतला तिच्यासोबत.

परवा झेरॉक्सला तिच्या दुकानात गेलो होतो. हल्ली तिची जाऊही दुकानात बसते. ताई तिला शिकवून राहिली होती, “अपडेट केल्याशिवाय यादीले हात लावू नको बाई. मी एकदा विसरली होती. हा रितेश आहे ना, याले विचार.”

जावेनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

ती विसरली नव्हती.