टेलेसिया आत्यांचं औषधपाणी

टेलेसिया आत्या येण्याआधी त्यांचा वास येतो. आधी नाकाला झोंबतो, मग डोळ्यांना, आणि मग रस्त्याच्या वळणावर त्या स्वतः दिसतात. पांढरा ब्लाउज, कमरेला घट्ट गुंडाळलेली निळी लावालावा, कानामागे लाल जास्वंद, काखेत वेताची छडी आणि मागे समितीच्या चार बायका. त्या दिवशी गावातली कुत्रीसुद्धा चर्चच्या मागे जाऊन बसतात.

आमच्या गावच्या बायकांच्या स्वच्छता समितीच्या त्या एकोणीस वर्षं अध्यक्षा आहेत. त्यांची निवड कधी झाली हे कोणालाच आठवत नाही. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी घरोघरी तपासणी असते. चटया, मच्छरदाण्या, संडास, पाण्याची टाकी. काही उणं निघालं की दंड, माशाचे दोन डबे. दंडाच्या डब्यांचं पुढे काय होतं असं एकीने एकदा विचारलं, तेव्हा तिला आणखी दोन डबे पडले.

त्या माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या आत्या, म्हणजे गावाच्या लेकी. मी दुसऱ्या गावातून आलेली सून. आमच्या सवाई बेटावर या दोन गोष्टींत केवढं अंतर आहे ते सुनेलाच कळतं. मी राजधानीत, आपियाला कॉलेज केलं, गावच्या शाळेत दोन वर्ग शिकवते, पण समितीच्या बैठकीत माझं काम कोको ढवळायचं. आत्या मला ‘मास्तरीण’ म्हणतात. ‘लंगडी’ म्हणावं त्या सुरात म्हणतात.

तरुणपणी त्या ऑकलंडला एका मोठ्या इस्पितळाच्या धोबीखान्यात दोन वर्षं कामाला होत्या. येताना तिथून एक हातघड्याळ आणि एक सिद्धांत घेऊन आल्या. घड्याळ लवकरच बंद पडलं. सिद्धांत असा, की ज्याने आपलं नाक झोंबतं त्याने जंतू मरतात. जितकं जास्त झोंबेल तितके जास्त मरतात. जंतूला नाक असतं का, असं विचारायची कोणाची छाती नव्हती.

त्यांची पहिली मुलगी अकराव्या दिवशी गेली. नाळ पिकली होती. आत्या हे कधी बोलत नाहीत; मला सासूबाईंनी सांगितलं, तेही एकदाच. म्हणून त्यांची टिंगल करताना मी ते लक्षात ठेवते. टिंगल मात्र करते.

चार वर्षांपूर्वी गावात विषमज्वराची साथ आली. जिल्ह्याच्या दवाखान्यातली नर्स पेनिना क्लोरीनचा डबा घेऊन आली आणि तिने सगळ्या बायकांना बसवून सांगितलं: हे रोज ताजं कालवा, आधी भांडं साबणाने घासा, मग यात बुडवून दहा मिनिटं ठेवा, आणि बाटली अंधारात ठेवा. आत्यांनी सगळं ऐकलं आणि त्यातलं ‘बाटली’ तेवढं उचललं. पुढच्याच गुरुवारी नवा नियम निघाला. प्रत्येक घराने औषधपाण्याची एक बाटली ठेवायची. ती पुढच्या खांबाशी, रस्त्यावरून दिसेल अशी. आणि बिनरंगी काचेचीच, कारण नाहीतर ती भरलेली आहे हे समितीला कळणार कसं?

आमची घरं चारी बाजूंनी उघडी. सकाळी ऊन घरात शिरलं की आधी बाटलीला लागतं आणि दुपारपर्यंत तिला सोडत नाही. त्यामुळे सगळा रस्ता चमकायचा. बाहेरगावचे पाहुणे म्हणायचे, किती सुंदर. आत्या म्हणायच्या, किती निर्जंतुक.

तपासणी भरलेपणाची होती. अर्धी बाटली म्हणजे हयगय, आणि हयगय म्हणजे डबे. मग ते पाणी वापरणार कोण? कोणीच वापरत नव्हतं. उन्हाने पातळी खाली गेली की आम्ही टाकीचं पाणी घालून वर आणायचो. माझ्या चुलतजावेच्या बाटलीतलं पाणी चार वर्षं तेच होतं. तिने त्या बाटलीला लेस विणून घातली होती. आणि मी, जी मुलांना पाण्याचं बाष्पीभवन शिकवते, तीही गुपचूप टाकीचं पाणी घालत होते. माशाचे डबे वाचवायला शिक्षणाचा फार उपयोग होत नाही.

आत्यांचा आणखी एक नेम होता. तपासणीला आल्या की त्या घरातल्या मुलांना रांगेत उभं करायच्या आणि ज्याला कुठे खरचटलंय, फोड आलाय, त्याची जखम स्वतः पुसायच्या. त्यासाठी त्यांच्याजवळ एक फडकं होतं, ऑकलंडच्या धोबीखान्यातल्या चादरीचं. मुलाच्या घरच्या बाटलीतलं थोडं वाडग्यात ओतायचं, फडकं बुडवायचं, पुसायचं, पिळायचं, आणि पुढच्या घरी. फडकं एकच. औषधात बुडतंय ना, मग ते मळणार कसं, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी माझ्या सात वर्षांच्या इयानेताला ओहोटीच्या वेळी खडकावरच्या पोवळ्याने कापलं. पोटरीवर, माझ्या तर्जनीएवढं. मी उकळून गार केलेल्या पाण्याने आणि साबणाने ती जखम धुतली, आतला पोवळ्याचा चुरा निघेपर्यंत धुतली. इयानेता ओरडत होती आणि सासूबाई मला कसाई म्हणत होत्या. पाचव्या दिवशी जखमेच्या कडा गुलाबी झाल्या. सहावा दिवस गुरुवार होता.

आत्यांनी पट्टी सोडली, बघितलं, आणि म्हणाल्या, “मास्तरीण, यावर औषध कुठंय?”

मी म्हटलं की भरत आलीय, आत्या, राहू द्या. त्या हसल्या आणि मागच्या बायकांना म्हणाल्या की हिने पुस्तक वाचून पाय बरा केलाय. बायका हसल्या. मीही हसले, कारण सुनेला हसावं लागतं. फडकं फिरलं. मी कोको आणायला उठले. ते उठणं अजून मला झोपू देत नाही.

शनिवारी जखमेवर मधासारखी पिवळी खपली धरली. सोमवारी पाय सुजला, अंग तापलं. त्याच सकाळी मी शाळेत हजेरी घेत होते. आठ मुलं नव्हती. कोणाच्या तोंडावर फोड, कोणाच्या गुडघ्यावर, सगळ्यांवर तीच मधाची खपली. मी नावं वाचत गेले आणि मनातल्या मनात रस्त्याने चालत गेले. पाद्रीबाईंचं घर, त्यानंतरचं, त्यानंतरचं, या तिन्ही घरांतली खरचटलेली मुलं समोर बाकावर बसली होती. चौथ्या घरातल्या मुलाच्या ओठाशी आठवडाभर फोड होता. आणि त्या घरापासून खाली समुद्रापर्यंत ज्याला ज्याला फडकं लागलं, तो तो गैरहजर होता. रोग आत्यांच्या मागून, आत्यांच्याच क्रमाने चालत गेला होता. एकही घर चुकलं नव्हतं. तपासणी इतकी चोख असते.

मी इयानेताला घेऊन बसने दवाखान्यात गेले. पेनिनाने पायावर वर चढत चाललेली लाल रेघ बघितली आणि पेनाने तिच्या टोकावर खूण केली. रेघ खुणेच्या पुढे गेली तर रात्री-अपरात्री कशीही घेऊन ये, म्हणाली. मग इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, आणि यावर काय ओतलं होतं असं विचारलं. मी सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं.

“क्लोरीनची भूक ठरलेली असते,” ती म्हणाली. “ऊन त्यातलं अर्धं खातं. मळ, पू, फडक्याचा धागा पुढे केलास तर ते त्यावरच पोट भरतं. जंतूपर्यंत पोचतं तेव्हा त्याला भूकच उरलेली नसते. आणि ताजं असलं तरी ते भांड्यांसाठी, फडक्यांसाठी. पोरांच्या मांसावर नाही. मांसही खातं ते.”

मग तिने मला बजावलं. ही वेळ निभावली. पण ही जखम पुन्हा घाण झाली तर विष हाडापर्यंत जाईल, आणि मग तिला बोटीने पलीकडच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल. तिने मला एक लहान तपकिरी बाटली आणि क्लोरीनची पुडी दिली आणि रोज ताजं किती कालवायचं ते लिहून दिलं.

रेघ खुणेशी थांबली. दोन दिवसांनी मागे फिरली. पण फोडांची साथ बघून आत्यांनी जादा तपासणी जाहीर केली. येत्या गुरुवारी, सगळी घरं, सगळी मुलं. औषध कमी पडतंय, म्हणाल्या, आता दोनदा पुसायचं.

मी नवऱ्याला म्हटलं, तू बोल. तो म्हणाला की तपासणी होऊन जाऊ दे, मग शांतपणे बोलतो. तो भला माणूस आहे. आत्यांसमोर त्याला आठ वर्षांचा मुलगा व्हायला होतं. मग माझ्याकडे काय होतं? इयानेताला लपवावं तर दंडापेक्षा बोभाटा मोठा, आणि आत्या शोधून काढणारच. ‘तुमचं फडकं घाण आहे’ असं गावाच्या लेकीला सुनेने म्हणायचं, तर त्यानंतर मी या घरात राहायचं कुठे?

गुरुवारी आत्या आल्या. चटया बघितल्या, टाकीत डोकावल्या, बाटली उन्हात धरून मान डोलावली. मग वाडगा पुढे ओढून त्यात थोडी ओतली आणि इयानेताला हाक मारली. ती माझ्या लावालावाला धरून उभी होती.

मी गुडघ्यांवर बसले, रीतीप्रमाणे मान खाली घातली आणि म्हटलं, “आत्या, माझी बाटली कमजोर आहे अशी मला शंका आहे. तुम्हीच तपासा.”

असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. लोक आपली बाटली लपवतात, मी तर तपासा म्हणत होते. त्यांनी छडी खाली ठेवली.

“तपासायचं कसं?”

“कपड्याचा रंग हे औषध कसं काढतं ते तुम्ही धोबीखान्यात बघितलंय. फुलाचाही काढत असेल. तुमच्या कानामागचं फूल द्याल?”

दुसऱ्याच्या डोक्याला हात लावायची आमच्यात सोय नाही. फूल त्यांनाच काढावं लागलं. त्यांनी जास्वंदीची एक पाकळी तोडली आणि वाडग्यातल्या पाण्यात टाकली. दुसरी मी त्यांच्याकडून मागून घेतली आणि तपकिरी बाटलीतलं सकाळीच कालवलेलं पाणी पेल्यात ओतून त्यात सोडली. मग सगळ्यांना कोको दिला. दहा मिनिटं थांबायचं, असं पेनिनाने चार वर्षांपूर्वी सांगितलं होतंच.

पेल्यातल्या पाकळीची कड आधी फिकी पडली. मग रंग आत आत सरकत गेला, आणि पहिला कप संपायच्या आत पेल्यात भिजलेल्या कागदाचा कपटा तरंगत होता. वाडग्यातली पाकळी होती तशी लाल. बायकांनी कप ओठांशीच धरून ठेवले होते. आत्यांनी बोटाने ती पाकळी बुडवली. ती वर आली, लालच. पुन्हा बुडवली. मग त्यांनी मांडीवरच्या फडक्याकडे बघितलं.

मला वाटलं, आता माझी मान जाते.

“कमजोर बाटली,” त्या शेवटी म्हणाल्या. “दोन डबे.”

फडक्याची घडी घालून त्यांनी ती पिशवीच्या तळाशी घातली आणि इयानेताला हात न लावता उठल्या. माझा तपकिरी बाटलीचा पेला त्यांनी समितीतल्या एका बाईकडे दिला, सांडू नकोस म्हणाल्या, अंगणातली चार जास्वंदं खुडली आणि पुढच्या घरी गेल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकवीस घरांना दंड केला. पाद्रीबाईंनाही. चुलतजावेच्या लेसवाल्या बाटलीत पाकळी टाकली तेव्हा ती जास्तच टवटवीत दिसायला लागली, असं म्हणतात.

रविवारी चर्चनंतर आत्यांनी बायकांना उभं करून सांगितलं की जास्वंदीची परीक्षा त्या ऑकलंडला शिकल्या होत्या, पण गाव तयार होईपर्यंत थांबल्या होत्या. नवे नियम सांगितले: बाटली तपकिरी, ती कपाटात, पाणी रोज ताजं, आणि जखमेला फक्त उकळलेलं पाणी नि साबण. भरलेल्या बाटलीला यापुढे दंड, कारण भरलेली म्हणजे न वापरलेली. बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी कोको ढवळत होते.

फडकं त्यांनी जाळलं, हे त्यांच्या नातीकडून कळलं. एकट्याच होत्या म्हणे चुलीपाशी, आणि आधी कात्रीने त्याचा एक कोपरा कापून घेतला. तो कशाला ठेवला ते नातीला माहीत नाही. मला वाटतं, मला माहीत आहे. ते फडकं अकरा दिवसांच्या मुलीच्या अंगाखालीही कधी असेल, असं मला आता वाटतं, आणि ते मी कोणालाही विचारणार नाही.

पुढच्या महिन्याच्या तपासणीपर्यंत इयानेताच्या पोटरीवर चकचकीत गुलाबी कातडी धरली होती. एक कोपरा अजून ओला होता. आत्यांनी तिला समोर बसवलं, पट्टीकडे हात नेला आणि मध्येच थांबवला.

“मास्तरीण,” त्या म्हणाल्या, “साबण आण.”

मी साबण आणला, वरून पाणी घातलं. त्यांनी हात पुढे केले, कोपरापर्यंत, धोबीखान्यातल्या बाईसारखे.

“घाल अजून. पुरे म्हणेस्तोवर पुरे नाही,” त्या म्हणाल्या, आणि चोळत राहिल्या. मागे उभ्या बायका वाट बघत होत्या.

चुलतजावेने हल्ली अंगणातली लाल जास्वंद उपटून पांढरी लावली आहे. आत्या लाल फूल घरून आणतात.