बरणी कंपनीचा थांबा

बकुळाताईंना अख्खं मोरिवली डोळे मिटून सांगता यायचं. पंचाईत एवढीच, की त्या सांगायच्या ते मोरिवली आता जागेवर राहिलं नव्हतं.

पोरवयात त्या तिथल्या बरणी कंपनीत लागल्या. कंपनीचं खरं नाव इंग्रजी, लांबलचक. ते फक्त गेटवरच्या पाटीवर. लोकांच्या तोंडी बरणी कंपनीच. चिनी मातीच्या बरण्या, लोणच्याच्या, मिठाच्या. भट्टीतून निघालेली प्रत्येक बरणी बकुळाताई वाकड्या बोटानं वाजवून बघायच्या. खणखणीत वाजली तर पास. बद्द वाजली तर कुठंतरी तडा आहे, काढा बाजूला. भट्टीवर चिंतामणी होते. भोंगा झाला की ते गेटबाहेरच्या चिंचेखाली उभे राहायचे, चपलेनं माती उकरत, कुणाची वाट बघतच नाहीत असा चेहरा करून. कुणाची बघतात ते अख्ख्या पॅकिंग खात्याला ठाऊक होतं! लग्न घरच्यांनी ठरवलं असं नंतर सगळे सांगायचे. ठरलं होतं ते चिंचेखालीच.

पुढं कंपनी बंद पडली, भिंती पाडल्या, गोदामं झाली. चिंचही गेली. चिंतामणींना जाऊनसुद्धा बरीच वर्षं झाली. आता बकुळाताई मुलगा-सुनेकडे चिखलोलीच्या टॉवरमध्ये राहतात आणि खिडकीतून दिसेल त्याला नावं ठेवतात.

सून राजसी कॉम्प्युटरवाली. रविवारीसुद्धा लॅपटॉप उघडून बसायची. जगभरातली माणसं मिळून एक नकाशा करतात. कुणाच्या मालकीचा नाही, कुणीही वापरावा, कुणीही आपल्या गावाची भर घालावी. त्यात ती रस्ते काढायची. ह्याचे मिळतात किती, असं ताईंनी विचारलं. काहीच नाही म्हटल्यावर कपाळाला हात लावला. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला बरी सून मिळाली, म्हणाल्या. पण त्याच नकाशात मोरिवलीची विहीर भलत्याच गल्लीत दिसली आणि बाईंना राहवेना. चष्मा लावून शेजारी बसल्या त्या बसल्याच. विहीर हलवली, देवळाला नाव दिलं, नाल्यावरचा पूल टाकला. बघता बघता माऊस स्वतःच्या हातात घेतला. भाकऱ्या भाजायला आता सासूच पुढं.

एका रविवारी राजसी माहेरी गेली होती. तेवढ्यात बाईंनी नकाशावर अख्खी बरणी कंपनी उभी केली. भट्टी, कॅन्टीन, पॅकिंग खातं, गेट, अगदी चिंचसुद्धा. गोदामांच्या डोक्यावर!

थोड्याच दिवसांत निरोप आला. नाशिकचा विनीत म्हणून एकजण, तोही असाच बिनपगारी, लोकांनी टाकलेल्या नोंदी तपासायचा. त्यानं फार अदबीनं लिहिलं होतं. ह्या नकाशात आज जमिनीवर आहे तेवढंच ठेवतात. कुणाचं चुकलं तर परस्पर पुसायचं नाही, टाकणाऱ्यालाच आधी सांगायचं, अशी त्याची रीत होती. तेव्हा ताईंनीच ते काढावं. पुढच्या रविवारपर्यंत राहिलं तर मात्र तो काढेल.

बाई भडकल्या. हा कोण टिकोजीराव, ह्यानं मोरिवली कधी पाहिलंय का, इथपासून सुरुवात झाली. राजसीनं समजावून पाहिलं, की उद्या कुणी नकाशा बघून कॅन्टीनात चहा प्यायला गेला तर काय? ते ताईंना पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच जास्त दुखत होतं. हे पुसलं की चिंतामणी उभे राहायचे ती जागा जगात कुठंच उरणार नव्हती.

"त्याला पुसायचंय तर पुसू दे," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं मी पुसायची नाही."

शनिवारी त्या मोरिवलीतल्या जुन्या शेजारणीला, कमळाबाईंना, भेटायला निघाल्या. अंबरनाथ स्टेशनबाहेर शेअर रिक्षात चढताना जुन्या सवयीनं बोलून गेल्या, बरणी कंपनी. बोलल्या आणि जीभ चावली. पण रिक्षावाल्यानं नुसती मान डोलावली. मागोमाग पाठीला सॅक लावलेली एक मुलगी आत शिरली आणि म्हणाली, "भैया, बरनी कंपनी."

ताई तिच्याकडे बघतच राहिल्या. मोडक्यातोडक्या हिंदीत चौकशी केली. पोरगी गोरखपूरकडची, तिथल्याच एका गोदामात कामाला, येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. मग कंपनी कुठं आहे तिथं, असं ताईंनी विचारलं तशी ती गोंधळली.

"कंपनी का तो पता नहीं, आंटी. सब यही बोलते हैं."

रिक्षावाल्यालाही माहीत नव्हतं. आधीचे रिक्षावाले म्हणायचे म्हणून तोही म्हणायचा. रिक्षा थांबली ती बरोबर चिंचेच्या जागी. तिथं आता पानाची टपरी आहे. ताई उतरल्या आणि पदर डोळ्यांना लावून तिथंच उभ्या राहिल्या. कमळाबाईंचा चहा त्या दिवशी थंडच झाला.

घरी आल्या आल्या त्यांनी राजसीला सगळं लिहायला लावलं. रविवारी सकाळीच विनीतचं उत्तर आलं. आज लोक ज्या नावानं जागा ओळखतात ते नाव जमिनीवरचंच, ते थांबा म्हणून जरूर टाकावं. कंपनी मात्र काढावी लागेल.

राजसी काढायला पुढं झाली. तिला ताईंनी कोपरानं बाजूला सारलं आणि स्वतः बसल्या. आधी कॅन्टीन पुसलं. मग पॅकिंग खातं, मग भट्टी. चिंचही पुसली. शेवटी गेटही पुसलं. मग चिंचेच्या जागी थांब्याची खूण ठेवली आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, बरणी कंपनी. वाकड्या बोटानं टेबलावर टक्‌ करून वाजवलं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "गेट गेलं. तुमची जागा राहिली."