पान त्रेचाळीसनंतर

काजमावशीचे शिक्षण बारावीपर्यंतच झाले होते, आणि ते तेवढेच झाल्याचा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा झाला तो वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वतीने परीक्षेत उत्तरे लिहिणारा लेखनिक त्या विद्यार्थ्यापेक्षा कमी शिकलेला असावा, असा नियम होता, आणि मावशी त्यात चपखल बसत होती. एरवी शिंप्याच्या दुकानात काजे करणे, बटणे लावणे, बाह्या उसवून पुन्हा बसवणे हे तिचे सव्वीस वर्षांचे काम. नाव पडले तेही त्यावरूनच.

जिच्यासाठी ती लिहिणार होती, ती मुलगी दुकानाच्या वरच्या मजल्यावरील वसतिगृहात राहत असे. जन्मापासून दृष्टी नव्हती, पण जिभेला धार अशी, की दुकानाच्या मास्तरांनी तिचे नाव ‘वकील’ ठेवले होते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे बाकी सगळे विषय सुटले. राजकीय सिद्धान्ताची ओळख करून देणारा एक पेपर तेवढा मानगुटीवर बसला. पुन्हा नापास झाली तर वसतिगृहातली जागा जाणार होती, आणि घरच्यांनी स्पष्ट सांगून टाकले होते, की परत आलीस तर शिक्षणाचा विषय संपला. दुसऱ्यांदा बसणाऱ्यांना वर्गात बसू देत नसत. म्हणजे तिची सारी भिस्त मावशीच्या आवाजावर.

दुपारी एक ते तीन दुकान बंद असे. त्या वेळात मावशी चिंध्यांच्या गठ्ठ्यावर बसे, आवाज नको म्हणून पंखा बंद करी, आणि घामाघूम होत जुन्या बाजारातून आणलेले ते पाठ्यपुस्तक वकिलाच्या फोनमध्ये वाचून भरी. पुस्तकाची सुरुवातच एका प्रश्नाने होत होती: माणसे आज्ञा का पाळतात? प्रश्न विचारून लेखकाने चाळीस पाने उत्तर दिले नव्हते, याचा मावशीला मनस्वी राग आला. कपडे शिवायला आलेल्या माणसाला असे ताटकळत ठेवले असते, तर मास्तरांनी तिला फैलावर घेतले असते.

पण प्रश्नाने तिच्या डोक्यात घर केले. मास्तर म्हणतात बाही दीड बोट आखूड कर, आणि ती करते. का करते? राज्य, सार्वभौमत्व, सत्ता, अधिसत्ता, अधिमान्यता असे एकेक जडजंबाल शब्द ती वाचत गेली आणि प्रत्येक शब्द मास्तरांना लावून पाहत गेली. एकही नीट बसेना. घरी नवऱ्याला विचारले, तर त्याने ताटावरून मान वर न करता राज्यकारभार कधी हाती घेतेस एवढेच विचारले.

शेवटी तिने वकिलालाच गाठले. वकिलाने सारे ऐकून ठेवले होते. सत्ता म्हणजे दुसऱ्याकडून आपल्या मनासारखे करवून घेण्याची ताकद, ती म्हणाली. अधिसत्ता म्हणजे आज्ञा देण्याचा हक्क, आणि तिच्या मुळाशी असते शिक्षेची भीती. मास्तर कामावरून काढतील, म्हणून मावशी ऐकते.

मावशीला हे पटले नाही. मास्तरांना ती कधी घाबरली नव्हती. उलट ती दोन दिवस आली नाही, तर मास्तरांच्याच तोंडचे पाणी पळे. पण पुस्तकात छापले आहे आणि आपण बारावी, असे म्हणून ती गप्प बसली.

परीक्षेच्या सकाळी दोघी वर्गाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मावशी उगीच पाने चाळत होती. बोटांना सव्वीस वर्षांची सवय. कापड एकपदरी की दुपदरी हे त्यांना न बघता कळते. त्रेचाळिसावे पान त्यांना जाड लागले. छापखान्यात दोन पानांची वरची घडी कापायची राहून गेली होती, आणि आतली दोन पृष्ठे कोणी कधी वाचलीच नव्हती. त्रेचाळिसाव्या पानाच्या तळाशी वाक्य अर्धे होते: ‘अधिसत्तेचा मूळ आधार’. मावशी वाचनाच्या भरात तिथून थेट सेहेचाळिसाव्या पानाच्या माथ्यावर गेली होती: ‘शिक्षेची भीती हाच असतो.’ ते शेपूट कुठल्या तरी हुकूमशाहीविषयीच्या भलत्याच वाक्याचे होते. घडी नखाने फाडून तिने आत डोकावले. अधिसत्तेचा मूळ आधार, तिथे लिहिले होते, आज्ञा देणाऱ्याचा हक्क ती पाळणाऱ्याने मान्य केलेला असणे हा होय. भीती संपली तरी अधिसत्ता उरते.

मावशी वकिलाकडे वळली. वाचताना एक चूक झालीय, अधिसत्तेचं, एवढे ती म्हणते तोच वकिलाने दोन्ही कानांवर हात ठेवले. आता नवे काही ऐकले तर आहे तेही विसरेन, असे तिचे म्हणणे. घंटा झाली. पुस्तक बाहेर राहिले.

तिसरा प्रश्न दहा गुणांचा होता: सत्ता आणि अधिसत्ता यांतील फरक स्पष्ट करा. प्रश्न ऐकताच वकिलाचा चेहरा खुलला, आणि ती घडाघडा सांगू लागली. भीती, शिक्षा, दंडुका.

मावशीचा हात थबकला. चूक तिची, भोगणार ही पोर. नियम सांगत होता, ऐकले ते लिही. तिने मान खाली घातली आणि नुकतेच वाचलेले लिहून काढले.

प्रत्येक उत्तर झाले की वकील ते वाचून घेई. खोटे वाचणे मावशीला शक्य होते, पण ते तिला सुचलेच नाही. लिहिले होते तसे तिने वाचले. वकिलाची मान हळूहळू तिच्याकडे वळली.

“हे मी सांगितलं नाही.”

पर्यवेक्षक जवळ आले आणि काय चालले आहे म्हणून विचारले. एका शब्दात लेखनिक बाहेर गेला असता, आणि त्याच्याबरोबर पेपरही.

“काही नाही सर, पेन अडलं होतं,” वकील म्हणाली. ते लांब गेल्यावर तिने आवाज उतरवला. “खोडा. मी सांगते तेच लिहा.”

मावशीने खोडले. सांगितले तसे लिहिले.

पेपर संपल्यावर बाहेर पायरीवर बसून मावशीने सगळे सांगितले आणि ती दोन पृष्ठे वाचून दाखवली.

“म्हणजे बरोबर होतं. मग खोडलंत कशाला?”

“तू म्हणालीस म्हणून.”

“मला घाबरलात?”

“तुला काय घाबरायचं, एवढीशी तू.”

“मग?”

मावशीने पुस्तक पिशवीत घातले. दोघी तशाच उठल्या.

निकाल लागला. चाळीस लागत होते, बेचाळीस मिळाले. वसतिगृहातली खाट राहिली. पण वकिलाला चैन पडेना. तिने अर्ज करून उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. तिसऱ्या प्रश्नाला दहापैकी चार होते. चाराचा आकडा खोडलेल्या आणि न खोडलेल्या उत्तरांच्या बरोबर मधल्या रिकाम्या जागेत लिहिलेला. तो कोणत्या उत्तराचा, हे प्रत खिडकीशी नेऊनही मावशीला ठरवता येईना. नियमाप्रमाणे खोडलेले तपासत नाहीत. पण चुकीच्या उत्तराला चार कोण देईल? आणि ते चार खोडलेल्या उत्तराचे ठरून गेले, तर बेचाळिसाचे अडतीस होतात.

“मग मी पास झाले की तुम्ही?” वकिलाने विचारले.

मावशीने प्रत घडी करून तिच्या हातात दिली. आपल्याला बारावीला पंचेचाळीस टक्के होते, एवढे तिला नक्की आठवत होते.

आठवड्याने वकील दुसऱ्या वर्षाचे पुस्तक घेऊन दुकानात आली. या वेळी एकच अट होती: प्रत्येक पानाचा आकडा आधी वाचायचा, मग पान. मावशीने हो म्हटले, पंखा बंद केला, गठ्ठ्यावर बसली. पहिल्या चार पानांवर आकडेच छापलेले नव्हते. पाचव्यावर थेट ‘एक’ होता. ही चार वाचायची की सोडायची, तिला कळेना. फोन चालू झालेला होता. वकील ज्या जिन्याने वर गेली होती त्याकडे तिने एकदा पाहिले, घसा साफ केला, आणि म्हणाली, “आकडा नसलेलं पान, पहिलं.”