दिवस गेलेत

विजयाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. त्या वेळी फरीदाबादच्या आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचं. दोन पिंपं भरून, डबे करून ती आठच्या आत कामावर पोचायची. गाड्यांचे नवे कारखाने निघत होते, सगळ्यांना सुटे भाग हवे होते. तिचं काम रबरी वॉशरांची जादा कड ब्लेडने कापायचं. कड एका फिरकीत सुटली पाहिजे. दुसऱ्यांदा ब्लेड लावलं की माल नापास. तिचा माल क्वचित परत यायचा.

त्या सप्टेंबरात येऊ लागला. थंडी वाजून हात थरथरत. चौथा महिना होता आणि आधीचं मूल पोटातच गेलेलं. ती घाबरून एकटीच दवाखान्यात गेली. मलेरिया निघाला.

मी आणि तिचा नवरा विलास कारखान्यात रबर दाबायच्या एकाच प्रेसवर होतो. शिफ्ट संपवून आलो तेव्हा ती गोळ्यांच्या दोन पुड्या घेऊन दारात बसली होती. शेजारची बिमला, इकडचीच, पलवलची, विचारत होती.

"डॉक्टर को बताया, पेट से है?"

"हां ना. बोली, मेरे दिन गये हैं."

"फिर?"

"बोला, बुखार में दिन तो जाते ही हैं."

बिमला कपाळावर हात मारून हसली आणि मध्येच थांबली. "अरी बावली! दिन गये कौन समझेगा यहां? पैर भारी बोलते हैं!"

विलासचं तोंड उतरलं. "घेतल्यास गोळ्या?"

"पांढऱ्या घेतल्या. त्या दुसऱ्या पुडीतल्या आज रात्री जेवल्यावर घ्यायच्यात."

त्याने तिला सायकलवर बसवलं. मागून बिमला आणि मी. डॉक्टर दिसताच बिमला दारातूनच ओरडली, "डॉक्टरसाब, बहू के पैर भारी हैं!"

त्याने दुसरी पुडी ताबडतोब काढून घेतली. "अच्छा हुआ, नहीं खाई." त्या गरोदरपणी देत नाहीत, पांढऱ्या चालतात, असं त्याने समजावलं. गोळी उलटून पडली तर लगेच यायचं. ताप परत येऊ नये म्हणून बाळंत होईपर्यंत दर आठवड्याला तीच घ्यायची.

"बच्चा?" विजयाने एवढंच विचारलं.

"दवा पूरी करोगी तो दोनों ठीक रहोगे."

दोन-तीन दिवसांत ताप उतरला. माल पुन्हा पास होऊ लागला. गोळी जहर कडू. गुळाचा खडा घेऊन ती गिळायची, पण एकही आठवडा चुकवला नाही.

होळीच्या आधी अक्षता झाली. भरल्या अंगाची. रडणं ऐकून विलास दवाखान्याच्या बाकावर बसला तो उठेचना. बिमलाने गल्लीभर लाडू वाटले. "मराठन के दिन गये थे, लौट आये!"

पोर जरा मोठी झाल्यावर विजया परत कामाला लागली. साठलेल्या मजुरीतून तिने पिंपांना झाकणं घेतली आणि दार-खिडकीला बारीक तारेची जाळी. ठोकायला मी होतो. जाळीची कड मात्र तिने मला कापू दिली नाही.